पडदा सुटतो तेव्हा

‘पडदा’ हा शब्द फारसीतून आला आणि मराठीत इतका मुरला की तो बाहेरचा आहे हे आता मुद्दाम सांगावे लागते. कोल्हापुरात तो अनेकांच्या चाकरीला आहे. नाटकवाल्यांचा पडदा वेगळा, सिनेमावाल्यांचा वेगळा, आमच्या मोहल्ल्यातल्या वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यातला त्याहून वेगळा. आणि डोळ्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेला पन्हाळ्याकडचा शेतकरी शेजाऱ्याला ‘पडदा सुटलाय म्हणत्यात’ असे सांगतो, तो आणखी निराळा. डॉक्टर त्याला रेटिना म्हणतात, पाठ्यपुस्तके दृष्टिपटल म्हणतात. या लेखात पाहायचा आहे तो या शेवटच्या पडद्याचा इतिहास. सुटलेला पडदा शस्त्रक्रियेने परत जागेवर बसवता येतो, ही गोष्ट आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण पडदा बसला म्हणजे नजर आली असे होत नाही. पडद्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्या काळात काय भोगतात, त्यांतल्या किती मरतात, किती पुन्हा उभ्या राहतात, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर माणसाला फार उशिरा मिळाले.

विषय वैद्यकाचा असला तरी कोल्हापूरकराला त्यात शिरायला सिनेमाचे दार जवळचे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ मध्ये याच शहरात स्वतःच्या हाताने सिनेमाचा कॅमेरा तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. त्यांच्या हाताखाली जी माणसे घडली त्यांत विष्णुपंत दामले होते, कागलचे शेख फत्तेलाल होते, ज्यांना सगळे साहेबमामा म्हणत, आणि शांताराम वणकुद्रे नावाचा एक पोरगेला मुलगा होता. १९२९ मध्ये या मंडळींनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. पुढे प्रभात पुण्याला गेली, शांताराम मुंबईला गेले, त्यांनी राजकमल कलामंदिर उभे केले, आणि १९५७ मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांना भिंतींविना ठेवण्याचा जो प्रयोग झाला, त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी रचलेली ती कथा. तुरुंगाधिकाऱ्याच्या दोन डोळ्यांचा धाक आणि माया सहा कैद्यांना बांधून ठेवते, अशी तिची कल्पना. त्या चित्रपटात नायकाची बैलाशी झुंज आहे. नायक शांतारामच होते. ती झुंज चित्रित करताना त्यांच्या डोळ्याला मार बसला आणि दृष्टी जाते की काय अशी वेळ आली. डोळ्यांवरच्या चित्रपटाने दिग्दर्शकाचेच डोळे मागितले.

दृष्टी वाचली. दोन वर्षांनी, १९५९ मध्ये, त्यांनी ‘नवरंग’ काढला. त्याच्या आरंभी शांताराम स्वतः पडद्यावर येऊन प्रेक्षकांना हा अपघात सांगतात आणि त्या अंधारातच आपल्याला रंग दिसत राहिले असे सांगतात. त्यांच्या डोळ्याचे निदान करणे हे त्यांच्या डॉक्टरांचे काम होते, आपले नव्हे. आपल्याला येथून पुढे जायचे आहे ते मार बसलेल्या डोळ्याकडे, कारण पडदा फाटण्याची जी कारणे आहेत त्यांत असा बोथट मार हे एक ठळक कारण आहे. बैलाचे शिंग, विटी, क्रिकेटचा चेंडू, लाल मातीतल्या कुस्तीत बसलेला कोपर. बाकीची कारणे अधिक सौम्य दिसतात पण तितकीच घातक असतात: वय, जाड चष्म्याचा म्हणजे मोठ्या उणे नंबरचा डोळा, पूर्वी झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया.

डोळ्याच्या आत अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखा एक घट्ट पारदर्शक द्रव भरलेला असतो. वयाबरोबर तो पातळ होतो, आकसतो आणि मागच्या पडद्यापासून सुटू लागतो. सुटताना कोठे चिकटून राहिला तर पडद्याला ओढ बसते. पडद्याला भाषा एकच येते, प्रकाशाची. त्याला ओढले तरी तो वेदना कळवत नाही, वीज चमकल्याचे कळवतो. म्हणून रोग्याला अंधारातही डोळ्याच्या कडेला विजा दिसतात, काळे ठिपके किंवा कोळ्याची जाळी तरंगताना दिसते. ओढ जास्त झाली की पडदा फाटतो. त्या छिद्रातून पातळ झालेला द्रव मागे शिरतो आणि ओल्या भिंतीवरचा कागद सुटावा तसा पडदा सुटत जातो. रोग्याला एका बाजूने सावली चढताना दिसते. दुखत काहीच नाही. या न दुखण्यानेच आजवर अगणित डोळे घालवले आहेत.

या पडद्याला नाव कसे मिळाले याची हकीकत आपल्या वाचकांना रस वाटेल अशी आहे. ग्रीक वैद्यांनी त्याला मासे पकडण्याच्या जाळ्याची उपमा दिली होती. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती विद्वानाने ग्रीक वैद्यक अरबीत आणले, डोळ्यावर दहा प्रकरणे लिहिली, आणि अरबी वैद्यकात या पडद्याला शबकिया हे नाव रूढ झाले. शबका म्हणजे जाळे. अरबीतून लॅटिनमध्ये भाषांतरे झाली तेव्हा जाळ्याला ‘रेते’ हा शब्द होता, त्यावरून रेटिना. उर्दूत आजही शबकिया चालतो. म्हणजे कोल्हापुरातला डॉक्टर रेटिना म्हणतो तेव्हा त्या शब्दात ग्रीक कोळी, बगदादचा अनुवादक आणि युरोपातला लॅटिन पंडित असे तिघे बोलत असतात.

इब्न अल-हैसम हा बसऱ्याचा. अकराव्या शतकाच्या आरंभी कैरोत त्याने ‘किताब अल-मनाझिर’ लिहिली. नाईलला बांध घालण्याची खलिफाची कामगिरी जमणार नाही असे दिसल्यावर त्याने वेडाचे सोंग घेतले आणि वर्षानुवर्षे घरातच कोंडून राहिला, अशी कथा त्याचे चरित्रकार सांगतात. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात हे जुने मत त्याने खोडून काढले आणि वस्तूवरून प्रकाश डोळ्यात येतो हे पद्धतशीर दाखवले. आपल्याकडच्या काही उत्साही लेखकांना यापुढे थांबवत नाही. पडद्यावर प्रतिमा पडते हेही त्यानेच सांगून ठेवले, असे ते लिहून मोकळे होतात. तसे नाही. इब्न अल-हैसमच्या मते पाहण्याचे काम डोळ्यातले भिंग करीत असे. पडद्याकडे बोट दाखवले ते बाराव्या शतकात कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने, आणि तेही ओझरते. भिंगाने उलटी प्रतिमा पडद्यावर पडते हे स्वच्छ मांडले केप्लरने, १६०४ मध्ये, आणि तसे करताना त्याच्यासमोर इब्न अल-हैसमच्या परंपरेतले लॅटिन ग्रंथ होते. ज्ञानाच्या इतिहासात मोठेपणा देण्यासाठी चूक लपवावी लागत नाही.

केप्लरनंतरही जिवंत माणसाचा पडदा पाहणे कोणाला शक्य नव्हते. बाहुली काळी दिसते, आत काय चालले ते कळत नाही. बाहेरून डोळा निरोगी आणि दिसत मात्र काहीच नाही, अशा रोगाविषयी वैद्यांमध्ये एक कडवट विनोद होता: या रोगात रोग्यालाही काही दिसत नाही आणि वैद्यालाही. १८५१ मध्ये हेल्महोल्ट्झने डोळ्याच्या आत पाहण्याचे यंत्र जाहीर केले आणि निदान वैद्याला तरी दिसू लागले. दोनच वर्षांत सुटलेल्या पडद्यावरचे छिद्रही दृष्टीस पडले. पण छिद्र हे कारण आहे की परिणाम, यावर पुढची साठ-सत्तर वर्षे वाद चालला. बहुतेकांना वाटे की मागून पाणी साठते, ते पडद्याला ढकलते आणि छिद्र नंतर पडते. म्हणून उपचार पाण्यावर चालले. जळवा लावल्या, घाम काढला, पारा दिला, महिनोन्‌महिने उताणे निजवून डोळे बांधले. बरे होण्याचे प्रमाण हजारात एखादा असे विसाव्या शतकाच्या आरंभी मानले जात होते.

त्या काळात आपल्या भागात काय होते तेही पाहू. कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली आणि १८९४ मध्ये डॉ. विल्यम वानलेस यांनी मिरजेत मिशन हॉस्पिटल उभे केले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी वानलेस यांचे नाव दूरवर पसरले. आंधळा माणूस गाडीत बसून मिरजेला जातो आणि पाहत परत येतो, हा चमत्कार दक्षिण महाराष्ट्राने त्या काळात पाहिला. पण मोतीबिंदू म्हणजे पुढची काच धुरकट होणे. काच काढली की प्रकाश आत जातो. आतला पडदाच सुटलेल्या माणसाला मिरजेत काय, बर्लिन-लंडनमध्येही कोणी काही देऊ शकत नव्हते. सुटलेला पडदा म्हणजे मेलेला पडदा, ही समजूत वैद्यांचीही होती आणि घरच्यांचीही.

ती समजूत मोडायला ज्याने सुरुवात केली त्याचे नाव ज्यूल गोनँ, जन्म १८७०, गाव स्वित्झर्लंडमधले लोझान. तो काम करीत असे ते नेत्ररुग्णालय ‘अंधांचा आश्रम’ या नावाच्या संस्थेचे होते, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा. गोनँचे म्हणणे एका वाक्यात मावते: छिद्र हेच कारण, ते बुजल्याशिवाय पडदा बसणार नाही. म्हणायला सोपे. छिद्र असते मोहरीएवढे, कधी त्याहून बारीक, आणि ते शोधायचे मंद दिव्याच्या उजेडात, एका डोळ्याने. गोनँ तासन्‌तास रोग्याच्या पडद्याची चित्रे काढी, छिद्र घड्याळाच्या कोणत्या काट्यावर आणि कडेपासून किती अंतरावर आहे याचे गणित मांडी, मग डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर बाहेरून ती जागा मोजून शाईने खूण करी, तेथे चीर घेऊन साठलेले पाणी जाऊ देई आणि तापलेल्या टोकाने त्या जागी डाग देई. जखमेचा व्रण धरला की छिद्र शिवल्यासारखे बंद. आपल्याकडे गुरांना डाग देत, तसलेच काहीसे, पण मिलिमीटरच्या हिशेबात. त्याने या शस्त्रक्रियांचे निष्कर्ष मांडायला सुरुवात केली ती १९२० च्या सुमारास, ज्या वर्षी ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. एक पडदा पुण्या-कोल्हापुरात उजळत होता, दुसरा लोझानमध्ये जोडला जात होता.

त्याच्यावर विश्वास कोणी ठेवला नाही. मोठ्या शहरांतल्या मोठ्या प्राध्यापकांना एका लहान गावातल्या डॉक्टरचा हा दावा अतिशयोक्त वाटला. गोनँने वाद घालण्यापेक्षा दारे उघडी ठेवली. ज्यांना शंका होती ते लोझानला येऊन पाहून गेले, परत जाऊन स्वतः करू लागले, आणि १९२९ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत या शिष्यांनीच त्याची बाजू मांडली. हजारात एखादा बरा होणाऱ्या आजारात आता निम्म्याच्या आसपास पडदे बसू लागले होते. १९३५ मध्ये गोनँ वारला. दृष्टीच्या इतिहासात त्याच्याएवढे काम फार थोड्यांनी केले, आणि आपल्याकडच्या सामान्य वाचकाला त्याचे नावही माहीत नसते, याची मला खंत वाटते.

पुढचा माणूस बेल्जियमचा, चार्ल्स शेपेन्स, आणि त्याची गोष्ट खरोखर सिनेमाला शोभेल अशी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियम घेतल्यावर तो गेस्टापोच्या नजरेत आला. नाव बदलून फ्रान्सच्या बास्क मुलखात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या मेंदीव्ह गावी त्याने लाकडाची वखार चालवायला घेतली. जंगलातून ओंडके आणायला दोरखंडाचा मार्ग होता. दिवसा त्यावर लाकूड फिरे, आणि गावातल्या एका धनगराच्या मदतीने माणसे, कागदपत्रे डोंगरापलीकडे स्पेनमध्ये पोचवली जात. शंभराहून अधिक माणसे त्या वाटेने सुटली. शेवटी त्यालाही पळावे लागले. लंडनला पोचल्यावर युद्धाच्या टंचाईत मिळतील ते सुटे भाग जुळवून त्याने कपाळावर बांधायचे एक यंत्र केले, ज्यातून दोन्ही डोळ्यांनी, खोलीसह, पडद्याच्या अगदी कडेपर्यंत पाहता येते. आजही डोळ्यांचे डॉक्टर डोक्याला दिवा बांधून रोग्याला उताणे निजवून हातात भिंग धरतात, ते शेपेन्सचे यंत्र. पुढे तो बोस्टनला गेला आणि डोळ्याभोवती सिलिकॉनचा पट्टा आवळून कवच आतल्या पडद्याला टेकवण्याची पद्धत त्याने रुळवली. बोस्टनला त्याच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. एस. एस. बद्रिनाथ यांनी १९७८ मध्ये चेन्नईत शंकर नेत्रालय स्थापन केले. हैदराबादला १९८७ मध्ये उभी राहिलेली नेत्रसंस्था तर सिनेमावाल्याच्याच नावाने आहे, एल. व्ही. प्रसाद यांच्या. ‘आलम आरा’त काम केलेल्या या माणसाच्या कुटुंबाने तिच्यासाठी देणगी दिली. मार्ग असे फिरून आपल्यापर्यंत आले.

मधल्या काळात जर्मनीत मायर-श्विकरथ या डॉक्टरने १९४५ चे सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेला एक विद्यार्थी तपासला आणि त्यावरून कल्पना घेतली की प्रकाशानेच मोजका डाग देता येईल. १९८० च्या फेब्रुवारीतल्या ग्रहणात आपल्याकडे रस्ते ओस पडले होते, ते याच भाजण्याच्या भीतीने; या माणसाने त्या भीतीतून औषध काढले. त्याने हॉस्पिटलच्या गच्चीवर आरसे लावून ऊन डोळ्यात सोडण्यापर्यंत मजल मारली. लेझर त्याच वाटेने आला. आणि १९७० मध्ये मायामीत रॉबर्ट माखेमर याने डोळ्याच्या आत बारीक कातर घालून तो घट्ट द्रव कापून शोषून काढण्याची शस्त्रक्रिया केली. सरावासाठी त्याने अंड्याचा पांढरा बलक वापरला होता. आज ज्याला आपले लोक ‘पडद्याचे मोठे ऑपरेशन’ म्हणतात ते हेच. पहिल्याच प्रयत्नात शंभरात पंच्याऐंशी-नव्वद पडदे बसतात.

पण बसलेला पडदा पाहतो का?

हा प्रश्न माखेमरला शस्त्रक्रियेच्या आधीच पडला होता. उत्तर समजून घ्यायचे तर प्रकाश टिपणारी पेशी कशी असते ते पाहायला हवे. त्या दोन जातींच्या: अंधुक उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी, एका डोळ्यात सुमारे बारा कोटी, आणि रंग व बारकावे पाहणाऱ्या शंकुपेशी, साठ लाखांच्या आसपास. दंडपेशीच्या टोकाला चकत्यांची चवड असते, टोपलीत भाकऱ्यांची असते तशी, एकेका पेशीत हजारभर. प्रकाश टिपणारे रंगद्रव्य या चकत्यांत असते. ही चवड कायमची नाही. लॉस एंजेलिसच्या रिचर्ड यंगने १९६७ मध्ये किरणोत्सर्गी खुणेचा वापर करून दाखवले की खालून नवी चकती सतत तयार होते, वर सरकत जाते आणि टोकाला पोचली की गळते. गळलेल्या चकत्या मागच्या रंगद्रव्याच्या थरातील पेशी खाऊन टाकतात, हे १९६९ मध्ये त्याने आणि डीन बॉकने सिद्ध केले. साधारण दहा दिवसांत अख्खी चवड नवी होते. आपण गेल्या महिन्यात ज्या चकत्यांनी पाहिले त्यांतली एकही आज डोळ्यात नाही.

आता पडदा सुटतो म्हणजे नेमके काय तुटते ते कळेल. या पेशी पडद्याच्या मागच्या बाजूला असतात आणि त्यांना प्राणवायू व अन्न मिळते ते मागच्या रक्तवाहिन्यांच्या थरातून, त्या रंगद्रव्याच्या थरामार्फत. पडदा सुटला की स्वयंपाकघर आणि पंगत यांच्या मध्ये पाणी शिरते. चवड कोसळू लागते. माखेमरने १९६८ मध्ये घुबडमाकड या मोठ्या डोळ्यांच्या निशाचर माकडांत पडदा मुद्दाम सोडवून पाहिला, काही काळाने तो परत बसू दिला, आणि सहकारी आर्थर क्रोल याच्यासह इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तपासल्या. त्यांना दिसले की चवड गेली तरी पेशी जिवंत असते, आणि पडदा टेकला की ती पुन्हा खालून चकत्या रचू लागते. यंगने जे रोजचे नूतनीकरण दाखवले होते तेच येथे डागडुजीच्या कामी येत होते. सुटलेला पडदा मेलेला नसतो, हे पेशीच्या पातळीवर तेव्हा सिद्ध झाले. गोनँच्या पहिल्या शस्त्रक्रियांना तोवर जवळजवळ पन्नास वर्षे झाली होती.

मुक्या जनावरांना यासाठी जे सोसावे लागले त्याची नोंद केल्याशिवाय पुढे जाणे बरोबर नाही.

दुसरी, कमी सुखाची बाजू कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे स्टीव्हन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या डोळ्यांवर वर्षानुवर्षे काम करून दाखवली. सगळ्या पेशी थांबत नाहीत. काही स्वतःलाच संपवतात. अपघाताने नव्हे तर आतून आलेल्या आज्ञेने, शिस्तीत. १९९५ च्या अभ्यासात या आत्मनाशाचा जोर पडदा सुटल्यावर तिसऱ्या दिवसाच्या सुमारास सर्वांत जास्त आढळला. ज्या उरतात त्या पुढच्या पेशींशी जोडलेले आपले धागे आखडून घेतात. पडद्याला आधार देणाऱ्या पेशी बेसुमार वाढतात आणि व्रण करतात. हे सगळे रोगी ‘बघू दोन दिवस, थांबेल’ असे म्हणत असतो त्या दोन दिवसांत चाललेले असते. म्हणून डॉक्टर विचारतात ते एवढेच: मधला भाग सुटला आहे का? पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला असतो, वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे त्याच्यावर. तो चिकटलेला असेल तर त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करून तो वाचवायचा. तो सुटला असेल तरी आठवडा उलटण्याआधी बसवलेल्या डोळ्यांचा निकाल नंतरच्यांपेक्षा चांगला लागतो.

आमच्या नात्यातल्या एका खालांचा डोळा असाच गेला होता, मॅक्युलासकट. शिलाई करून चार मुले वाढवलेली बाई. दुखत नव्हते म्हणून त्यांनी नऊ-दहा दिवस कोणाला सांगितले नाही. शिवून द्यायचे कपडे राहिले होते. शस्त्रक्रिया झाली, डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि मान खाली घालून राहायला सांगितले, कारण बुडबुडा वर चढतो आणि पडद्याला मागे दाबून धरायचा तर पडदाच वर करावा लागतो. ‘अल्लाहने अर्धी नमाज आधीच शिकवून ठेवली होती,’ असे त्या म्हणाल्या. तो गॅस असेपर्यंत विमानात बसता येत नाही, उंचावर तो फुगतो, म्हणून मुलाने ठरवलेला उमरा पुढे ढकलावा लागला. गॅस विरला आणि घरातल्यांची तोंडे उतरली. शिलाईची सरळ रेघ त्यांना नागमोडी दिसे. त्या डोळ्याने माणूस लहान दिसे. निळा आणि हिरवा दोरा ओळखू येईना. ‘पैसे पाण्यात गेले,’ असे धाकटा उघड म्हणाला.

गेले नव्हते. त्या अवस्थेला नावे आहेत आणि कारणेही. परत टेकलेल्या पेशी एका रांगेत, एका दिशेला तोंड करून उभ्या राहायला वेळ घेतात. काही ठिकाणी पडदा किंचित सरकून बसतो, काही ठिकाणी पेशी विरळ होतात, त्यामुळे रेघ वाकते, आकार बदलतो. निळ्याची ओळख या रोगात अनेकदा आधी जाते. चवड रचण्याचे काम पहिल्या आठवड्यांत सुरू होते, पण ते निर्दोष व्हायला महिने लागतात, आणि काही रोग्यांत वर्ष उलटून गेल्यावरही अक्षरांची एखादी ओळ नव्याने वाचता येऊ लागते. खालांना दुसऱ्या ईदेच्या सुमारास सुईत दोरा ओवता आला, चांगल्या डोळ्यावर हात ठेवून. निळा-हिरवा अजून चुकतो. शिवायला बसल्या की त्या रिळांवर नातीकडून नावे लिहून घेतात.

हे सारे पूर्वी प्रेताच्या डोळ्यात किंवा जनावराच्या डोळ्यात पाहावे लागे. १९९१ मध्ये प्रकाशाच्या परावर्तनावरून पडद्याचे थर दाखवणारी ओसीटी ही तपासणी जगापुढे आली आणि आता कोल्हापुरातही ती काही मिनिटांत होते. तिच्या चित्रात पेशींच्या चवडींची एक उजळ रेषा दिसते. सुटून बसलेल्या पडद्यात ती आधी तुटक असते, मग महिन्यामहिन्याने जोडत जाते, आणि जिथे ती जोडली गेली तिथे नजर सुधारलेली आढळते. डॉक्टरने हे चित्र रोग्याच्या घरच्यांना समोर बसवून दाखवले पाहिजे असे मला वाटते. पाच मिनिटे जातात, पण ‘बिघडले’ आणि ‘अजून भरते आहे’ यांतला फरक डोळ्यांना दिसतो, आणि पुढच्या तपासणीला माणूस येतो.

आत्मनाशाची आज्ञाच अडवून पेशींना शस्त्रक्रियेपर्यंत तग धरायला लावणारी औषधे शोधण्याचे प्रयोग सध्या माणसांवर चालू आहेत. रोजच्या वापरात आलेले असे औषध अजून नाही. तोवर हिशेब दिवसांचाच आहे. खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांची थरथर काढून टाकण्यासाठी जे वाकणारे आरसे केले, तेच लावून आता जिवंत डोळ्यातली एकेक शंकुपेशी मोजता येते. एकाच माणसाच्या दोन डोळ्यांची अशी चित्रे शेजारी ठेवली की न सुटलेल्या डोळ्यात पांढरे ठिपके दाट, कणसातल्या दाण्यांसारखे खेटून दिसतात. सुटून बसलेल्या डोळ्यात ते विरळ असतात, मधूनमधून काळ्या मोकळ्या जागा असतात, आणि त्या मोकळ्या जागांच्या आजूबाजूला उरलेले दाणे उजळ असतात.